घर खाली करून घ्यायला जलद कायदा आहे, मग डिपॉझिट परत मिळवायला का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपल्या की मुंबईत घरं बदलण्याचे दिवस सुरू होतात. सोसायटीच्या गेटबाहेर टेम्पो लागतो, दोरीने आवळलेला फ्रिज आणि गाद्यांच्या वळकट्या खाली उतरतात आणि वर रिकाम्या हॉलमध्ये घरमालक भिंतीवरचे खिळे मोजत उभा असतो. डिपॉझिटचा वाद सुरू होतो तो इथे. दोन वर्षं पाच तारखेच्या आत भाडं भरणाऱ्या कुटुंबाला आपलेच दीड लाख रुपये परत मिळवण्यासाठी महिनोन् महिने फोन करत बसावं लागतं. याचा दोष आपण माणसांच्या स्वभावाला देतो. माझ्या मते तो कायद्याच्या रचनेत आहे आणि ती रचना बदलता येण्याजोगी आहे, म्हणून हे पत्र.

मुंबईत आज आपण ज्याला ‘भाडेकरार’ म्हणतो तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. भाडेकरूला जागेत कायद्याने हक्क मिळतो. लायसन्सवर राहणाऱ्याला मिळते ती फक्त राहण्याची परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे आणि त्यानुसार जागेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. पत्रात मी सोयीसाठी भाडेकरू हाच शब्द वापरतो, पण हा फरक डोक्यात ठेवला नाही तर पुढचं काहीच उलगडणार नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ ने राहत्या घराच्या लायसन्सबाबत घरमालकाला एक स्वतंत्र, वेगळी वाट दिली. मुदत संपली आणि भाडेकरू निघाला नाही, तर मालकाने लघुवाद न्यायालयात नेहमीचा दावा लावायची गरज नाही. तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरून जागा खाली करण्याचा हुकूम होतो. हुकुमावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज आहे, म्हणजे हुकूम वरच्या पातळीवर तपासून पाहण्याची विनंती. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारातल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. शिवाय लेखी करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो.

ही तरतूद चुकीची आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती का आली हे जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरूंचा दर्जा मिळाला. अकरा महिन्यांसाठी दिलेली जागा पिढ्यान् पिढ्या गेली. त्या धसक्याने लोक घर कुलूप लावून ठेवत, पण भाड्याने देत नसत. जागा परत मिळेल ही खात्री कलम २४ ने दिली, म्हणून आज मुंबईत भाड्याची घरं मिळतात. मालकाची भीती खरी होती आणि कायद्याने तिची दखल घेतली. भाडेकरूचीही एक तेवढीच खरी भीती आहे आणि तिच्यासाठी कायद्यात एक ओळही नाही.

नेमकं काय घडतं ते आकड्यांत पाहू. भाडं महिना ३५,०००, डिपॉझिट १,५०,०००. मुदत ३१ मे रोजी संपते. मालक म्हणतो, ‘नवीन पार्टी आली की त्यांच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो.’ भाडेकरू साहजिकच म्हणतो, ‘मग पैसे मिळेपर्यंत चावी देणार नाही.’ ऐकायला रास्त वाटतं, पण इथेच तो फसतो. करारात तसा हक्क लिहिलेला नसेल तर १ जूनपासून तो मुदत संपलेला लायसन्सी ठरतो आणि दरमहा ७०,००० रुपये नुकसानभरपाईचा दावा त्याच्यावर होऊ शकतो. दीड लाखाचं डिपॉझिट दोन महिने आणि चार-पाच दिवसांत संपलं. चावी दिली तर पैसे अडकतात, नाही दिली तर पैसे वितळतात. मालकासाठी तीस दिवसांची घड्याळं लावणाऱ्या कायद्याने भाडेकरूला या चिमट्यातून सुटायला वाट ठेवलेली नाही. त्याने दिवाणी दावा करावा, एवढंच.

तो दावा कसा करायचा हेही लोकांना नीट माहीत नसतं. आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी. तीत कराराचा दस्त क्रमांक, डिपॉझिट दिल्याची तारीख व बँकेचा व्यवहार क्रमांक, चावी दिल्याची तारीख आणि रक्कम परत करण्यासाठी पंधरा दिवसांसारखी स्पष्ट मुदत लिहावी. त्यानंतर लेखी करारावर ठरलेल्या निश्चित रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. यात समोरच्याला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मात्र ‘घराचं नुकसान केलं’ असं म्हणत मालकाने खऱ्याखोट्या वजावटींची यादी पुढे केली की परवानगी मिळण्याची शक्यता वाढते आणि दावा नेहमीच्या रांगेत जातो. मुदतीच्या कायद्याप्रमाणे दाव्याला तीन वर्षं मिळतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीच) अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथे कोर्ट फी नाही आणि तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं. महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. पण तडजोडीला दोन्ही बाजू लागतात. जो फोन उचलत नाही तो लोकअदालतीत येईल याची खात्री कोण देणार?

म्हणून आजच्या घडीला भाडेकरूचं खरं संरक्षण एकच, करारातला मजकूर. आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. ऑनलाइन नोंदणी आल्यापासून दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन संध्याकाळी घरी येतो. टीपॉयवर लॅपटॉप उघडतो. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोन साक्षीदारांचे अंगठे. एखाद्या आजोबांच्या बोटाचा ठसा उमटत नाही, मग बोट पुसून पुन्हा, दुसरं बोट, पुन्हा. सगळ्यांचं लक्ष त्या हिरव्या दिव्याकडे असतं. मजकूर स्क्रीनवर असतो, पण तो वाचत कोणीच नाही. मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मागून घ्यावा आणि अंगठा देण्यापूर्वी ओळन् ओळ वाचावा. निबंधकाकडून मंजूर झाल्यावर एक स्वल्पविराम बदलायचा तरी नवा दस्त करावा लागतो.

छापील साच्यात डिपॉझिटबद्दल साधारण एवढंच असतं की ते बिनव्याजी असून जागा सोडताना परत केलं जाईल. त्यात चार गोष्टींची भर घालावी. पहिली, परतफेड ‘चावी ताब्यात देण्याच्या वेळीच’ होईल. ‘नंतर’, ‘यथावकाश’, ‘सर्व देणी तपासून’ असले शब्द काढून टाकावेत. दुसरी, वजावट करायची तर बिल जोडून, बाबवार, लेखी करावी. नैसर्गिक झिजेपोटी वजावट नाही. तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: भाडेकरू जागा द्यायला तयार असूनही मालकाने डिपॉझिट दिलं नाही, तर रक्कम मिळेपर्यंत भाडेकरूला कोणतंही भाडं किंवा भरपाई न देता जागेत राहता येईल आणि रकमेवर ठरलेल्या दराने व्याज मिळेल. लेखी करार निर्णायक पुरावा मानला जात असल्यामुळे हे कलम दुप्पट भरपाईच्या मागणीसमोर भाडेकरूची ढाल ठरतं. चौथी, लॉक-इन काळ, म्हणजे ज्या मुदतीत करार मधेच मोडता येत नाही ती, दोघांनाही सारखाच लागू असावा. भाडेकरूने सहा महिन्यांच्या आत घर सोडलं तर डिपॉझिट जप्त, पण मालकाने मधेच काढलं तर काहीच नाही, असे एकतर्फी मसुदे सर्रास फिरतात.

रंगकामाबद्दल थोडं अधिक लिहिणं भाग आहे, कारण वजावटीतला मोठा वाटा तिथेच जातो. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात पश्चिमेकडची भिंत ओल धरते, पोपडे सुटतात, खिडकीच्या चौकटीखाली काळी बुरशी येते. ही ओल बाहेरच्या प्लास्टरच्या भेगांतून किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येते. तिचा भाडेकरूच्या वापराशी संबंध नाही. तरीही घर सोडताना ‘पेंटिंग’ या एका शब्दाखाली पूर्ण घराचा खर्च लावला जातो. राहायला येण्याच्या दिवशीच, सामान आत घेण्यापूर्वी, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, बाथरूमच्या टाइल्स, ओट्याखालची जागा, सरकत्या खिडक्यांचे ट्रॅक यांचा एक सलग व्हिडिओ घ्यावा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवावा. पहिल्या पावसात ओल दिसली की फोटो काढून लगेच मेसेज करावा. गीझर, पंखे, एसी यांची यादी करारालाच जोडावी, चालू-बंद स्थितीसह. निघताना वीज आणि पाइप गॅस या दोन्ही मीटरच्या आकड्यांचा फोटो घ्यावा. शेवटचं बिल घर सोडल्यानंतर येतं आणि ‘बिल आल्यावर बघू’ या वाक्यावर पूर्ण डिपॉझिट अडकवून ठेवलं जातं. मागच्या तीन बिलांच्या सरासरीइतकी रक्कम बाजूला ठेवून बाकी तिथेच परत करता येते आणि करारात तसं लिहूनही घेता येतं.

रोखीचा प्रकार तर ताबडतोब थांबायला हवा. ‘करारात पन्नास हजार दाखवू, एक लाख कॅश द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल,’ असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून बघा. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते लागतं मुदतीतल्या एकूण भाड्यावर, परत न मिळणाऱ्या रकमेवर आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या मानीव व्याजावर. म्हणजे एक लाख डिपॉझिटवर वर्षाचं मानीव व्याज दहा हजार आणि त्यावर शुल्क पंचवीस रुपये. वर्षाला पंचवीस रुपये वाचवण्यासाठी लाख रुपयांचा पुरावा घालवायचा. मालक उद्या ‘मला पन्नासच मिळाले’ म्हणाला, की करारातल्या आकड्यापुढे भाडेकरूचं तोंडी सांगणं टिकणार नाही. सगळी रक्कम बँकेतूनच द्यावी आणि व्यवहार क्रमांक करारात घालावा.

अकरा महिन्यांचं खूळही असंच. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नव्हती, त्यातून ही सवय लागली. पण भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चाचं म्हणाल तर ३५,००० भाडं आणि दीड लाख डिपॉझिटच्या वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांवर शुल्क सुमारे ९९७ रुपये आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. चोवीस महिन्यांचा एकच करार केला तर शुल्क २,१७५ आणि फी तीच १,०००. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार त्याहून महाग पडतात. दर खेपेला एजंटचा खर्च आणि नव्याने दलाली वेगळीच.

सोसायटीबद्दल थोडक्यात. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) घर भाड्याने द्यायला कमिटीची एनओसी लागत नाही. कराराची प्रत जोडून आठ दिवस आधी कळवणं पुरेसं आहे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. हा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. एकूण मेंटेनन्स बिलावर १० टक्के लावणाऱ्या सोसायट्या आजही आहेत. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याची जबाबदारीही मालकाची आहे आणि ते ऑनलाइन होतं.

आता ‘हेवी डिपॉझिट’कडे वळतो. मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. पंधरा लाख डिपॉझिट, भाडं शून्य. गावाकडची जमीन विकून आलेला किंवा निवृत्तीचा पैसा असा ठेवणारी कुटुंबं मुंबई-ठाण्यात कमी नाहीत. महिन्याचं भाडं वाचतं हे खरं. पण हे पंधरा लाख म्हणजे मालकाला दिलेलं विनातारण कर्ज आहे, कारण लायसन्सीचा त्या जागेवर कसलाही बोजा नसतो. फ्लॅट आधीच बँकेकडे गहाण असेल आणि मालकाचे हप्ते थकले, तर थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याखाली बँक दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन ताबा घ्यायला येते. बँकेचा हक्क आधीचा असतो. कुटुंबाचं घरही जातं आणि पैसाही. असा व्यवहार करण्यापूर्वी किमान तीन गोष्टी तपासाव्यात. मालकाच्या नावाचा इंडेक्स टू, म्हणजे घराच्या दस्ताच्या नोंदणीचा उतारा, पाहावा. सोसायटीच्या भागपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) मूळ प्रत दाखवायला सांगावी, ती ‘बँकेत आहे’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या मिळकतीची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ शोधावी. हक्काचे दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची अशी सूचना नोंदवणं महाराष्ट्रात २०१३ पासून बंधनकारक आहे. कर्ज निघालं तर कितीही स्वस्त वाटलं तरी तिथे मोठी रक्कम ठेवू नये.

हे सगळं प्रत्येक कुटुंबाने आपापलं सांभाळायचं, एजंटशी वाद घालून कलमं घुसवायची, हा काही न्याय नव्हे. ज्याला घराची निकड आहे तो अटी घालण्याच्या स्थितीत नसतो. ‘हे कलम चालणार नाही, दुसरी पार्टी तयार आहे’ एवढं म्हटलं की तो गप्प बसतो. म्हणून हे काम शासनाने करायला हवं.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे आदर्श भाडेकरू कायदा ठेवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि ते जागेचा रिकामा ताबा घेतानाच परत करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने आपला १९९९ चा कायदाच चालू ठेवला आहे. पागडीच्या इमारतींचा प्रश्न गुंतागुंतीचा असल्याने संपूर्ण कायदा बदलायला सरकार कचरणार हे समजू शकतं. पण डिपॉझिटसाठी एवढी मोठी उलथापालथ लागत नाही. कलम २४ ला एक पोटकलम जोडावं: लायसन्सीलाही त्याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे, त्याच तीस दिवसांच्या पद्धतीने डिपॉझिटसाठी अर्ज करता येईल. मालकाच्या अर्जावर ताब्याचा हुकूम देताना प्राधिकाऱ्याने डिपॉझिटचा हिशेबही त्याच हुकुमात करावा. आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट भरपाई असेल, तर मुदतीनंतर पैसे अडकवणाऱ्यालाही तितकीच जरब बसेल असा व्याजदर कायद्यातच लिहावा.

दुसरी गोष्ट तर विधिमंडळात न जाताही होण्यासारखी आहे. ऑनलाइन नोंदणीच्या मसुद्यात ‘चावीच्या वेळीच परतफेड, बिलासह वजावट’ हे कलम नोंदणी विभागाने आपणहून साच्यातच टाकावं. ज्यांना नको ते काढतील, पण काढताना दोघांना त्यावर बोलावं तरी लागेल. आज करार सुरू होताना चार अंगठे लागतात आणि संपताना एकही नाही. घर सोडताना मालक आणि भाडेकरू या दोघांच्या अंगठ्यांनी ‘ताबा दिला, डिपॉझिट मिळालं किंवा इतकं बाकी’ अशी एक पानी नोंद त्याच प्रणालीत, त्याच दस्त क्रमांकावर करण्याची सोय द्यावी. मालकाला रिकाम्या ताब्याचा पुरावा मिळेल, भाडेकरूला येणे रकमेचा. अंगठ्याची मशीन एजंटांकडे आहेत, आधारची जोडणी आहे, दस्त क्रमांक आहे. नव्याने लागेल तो फक्त एक फॉर्म.

आपला,
एक वाचक,
गोरेगाव (पूर्व), मुंबई